पट काढल्यानंतरचा डाव

एमएमएच्या (मिश्र मार्शल आर्ट्सच्या) पिंजऱ्यात कुस्तीचा पाया सर्वांत भरवशाचा, हे आता कुणी नाकारत नाही. लढत उभ्याने व्हावी की जमिनीवर, हे पट काढणारा ठरवतो. मात्र प्रतिस्पर्ध्याला खाली घेतल्यावर लढत संपवायची कशी, याचे उत्तर कुस्तीगिरांना बाहेर जाऊन शोधावे लागले. माझ्या मते ते उत्तर त्यांच्याच पकडींमध्ये दडलेले होते.

डिसेंबर 1994 मध्ये यूएफसी 4 या स्पर्धेच्या अंतिम लढतीत डॅन सेव्हर्न हा कसलेला कुस्तीगीर वजनाने कितीतरी हलक्या जुजुत्सूपटू रॉयस ग्रेसीवर पाव तास स्वार होता. तरीही हरला तोच. पाठीवर पडलेल्या ग्रेसीने खालूनच पायांचा त्रिकोण करून त्याची मान आवळली. कुस्तीच्या नियमांनी सेव्हर्नला शिकवले होते की पाठीवर पडलेला गडी हरलेला असतो. जुजुत्सूच्या गड्याची चढाई मात्र तिथूनच सुरू होते. उलट, स्वतः खाली सापडल्यास पाठ टेकू नये म्हणून कुस्तीगीर सवयीने पोटावर वळतो आणि नेमका मागून गळा आवळणाऱ्या रिअर नेकेड चोकच्या तावडीत सापडतो. पट काढताना मान पुढे राहिली, तर समोरून मान आवळणारा गिलोटिन बसतो. मॅटवर शाबासकी मिळवणाऱ्या सवयी पिंजऱ्यात अशा अंगाशी येतात.

यावर मार्क कोलमनच्या पिढीने ठोशांचा उपाय शोधला. खाली पाडायचे, दाबून ठेवायचे आणि मारायचे. त्या बळावर 1997 मध्ये कोलमन यूएफसीचा पहिला हेवीवेट विजेता झाला. पण जपानच्या प्राइड या स्पर्धामालिकेत फेडोर एमेलियानेन्कोने त्याला 2004 आणि 2006 मध्ये दोन्ही वेळा कोपर उलटे ताणणाऱ्या आर्मबारनेच हरवले. त्याच जपानमध्ये काझुशी साकुराबा वेगळ्या वाटेने गेला होता. विद्यापीठात कुस्ती खेळलेल्या साकुराबाने इंग्लंडच्या कॅच कुस्तीतले कुलूपडाव बिली रॉबिन्सनकडून घेतले आणि रॉयलर व रेन्झो या ग्रेसींचे हात खांदा पिळणाऱ्या किमुरात अडकवून लढती जिंकल्या. ती विद्या मुळात कुस्तीच्याच घरातली होती.

पुढे कुस्तीगीर मॅट ह्यूजने 2004 मध्ये जॉर्ज सेंट पिएरला पहिल्या फेरीचा एक सेकंद उरला असताना आर्मबारने टॅप करायला, म्हणजे हाताने थापटून शरण यायला लावले. कुस्तीतूनच आलेला ब्रॉक लेस्नर 2008 मध्ये फ्रँक मीरच्या गुडघा उलटा ताणणाऱ्या नीबारमध्ये दीड मिनिटात अडकला होता. त्यानेच 2010 मध्ये शेन कार्विनला आर्म ट्रँगल (हातासकट मान आवळणारा डाव) लावून विजेतेपद राखले. हा डाव छातीचा दाब आणि खांद्याचा रेटा यांवर चालतो. दोन्ही गोष्टी लेस्नरकडे आधीपासून होत्या.

या वाटचालीचा कळस दागेस्तानात दिसतो. तिथे कुस्ती आणि कॉम्बॅट साम्बो पोरवयापासून हातात हात घालून चालतात. खबीब नूरमागोमेदोव प्रतिस्पर्ध्याचे मनगट धरायचा, पाय जखडायचा, पाठीवर जाऊन कब्जा घ्यायचा आणि मगच गळ्याकडे वळायचा. 2018 ते 2020 मधल्या त्याच्या शेवटच्या तिन्ही लढती सबमिशनने, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला शरण आणून संपल्या. इस्लाम मखाचेवने 2022 मध्ये चार्ल्स ऑलिव्हेरासारख्या सबमिशनच्या बादशहाला आर्म ट्रँगलने हरवले. या दोघांनीही डाव साधण्याच्या मोहात पकड सोडली नाही. गिलोटिनच्या हव्यासाने स्वतःहून पाठीवर पडणाऱ्या अनेक कुस्तीगिरांनी हा संयम शिकायला हवा.

भारतापुरते बोलायचे तर रितू फोगाटची उदाहरणे डोळ्यांत अंजन घालणारी आहेत. 2021 मध्ये वन चॅम्पियनशिपच्या ग्रां प्री अंतिम लढतीत स्टॅम्प फेअरटेक्सने तिला आर्मबारने हरवले. स्टॅम्प मूळची मुए थायची खेळाडू. ठोसे-लाथांवर वाढलेली मुलगी जमिनीवरचे डाव शिकून आली आणि कुस्तीगीर मुलगी त्यात अडकली. पुढच्या वर्षी टिफनी टिओने तिला पहिल्याच फेरीत चोक लावला. यात रितूच्या धाडसाला उणेपणा नाही. उणीव तयारीच्या क्रमात आहे. बचाव आधी पक्का व्हायला हवा, चढाई नंतर.

मल्लयुद्धाच्या परंपरेत जांबुवंती आणि जरासंधी या प्रकारांत पकडीने शरण आणणे आणि सांधे मोडणे सांगितले आहे. चितपटीच्या कुस्तीत ते अंग मागे पडले. एमएमएकडे वळणाऱ्या आपल्या मल्लांनी जुजुत्सूचा अख्खा अभ्यासक्रम पहिल्या पानापासून गिरवत बसू नये. रिअर नेकेड चोक, आर्म ट्रँगल, समोरून मान धरून लावायचे चोक आणि किमुरा एवढे चार घोटावेत, कारण त्यांच्या जागा कुस्तीगिराला रोजच्या सरावात सापडतातच. आणि वस्तादांना एक विनंती आहे: सरावात टॅप करणाऱ्या पोराला कच्चा म्हणू नका. वेळेवर टॅप करणाराच सांधे शाबूत ठेवून उद्या पुन्हा शिकायला येतो.