वीररसाला हास्याचें साह्य

एकाच वीराची कथा पडद्यावर वारंवार येऊं लागली, म्हणजे त्याच्या पराक्रमाचाच प्रेक्षकांस शीण वाटूं लागतो. नॉर्स पुराणांतील मेघगर्जनेचा देव थॉर याला नायक कल्पून मार्व्हल या अमेरिकन चित्रसंस्थेनें जी मालिका काढली, तिची अशीच गत झाली होती. केनेथ ब्राना यांच्या पहिल्या चित्रपटांत (२०११) राजकुलांतील कलहाचें नाट्य तरी होतें. दुसऱ्यांत (२०१३) बहुतांशीं गांभीर्याचें ओझेंच उरलें. तेव्हां तिसरा चित्रपट, 'थॉर : रॅग्नारॉक' (२०१७), टायका वायटिटी या न्यूझीलंडच्या विनोदप्रिय दिग्दर्शकाकडे सोंपविण्यांत आला.

विनोद घातला कीं शिळेपणा जातो, असा सोपा बोध यांतून कोणीं घेऊं नये. वायटिटींचा विनोद नायकाच्या शौर्यास हात लावीत नाहीं. तो हंसतो त्याच्या ऐटीला. आरंभींच सांखळीनें टांगलेला थॉर अग्निदैत्य सर्टर याची प्रलयाची भविष्यवाणी ऐकत आहे. इतक्यांत सांखळी फिरते, त्याचें तोंड भलतीकडे वळतें, आणि आपण पुन्हा समोर येईपर्यंत थांबावें, अशी विनंती तो दैत्यास करतो! भविष्यवाणी हास्यास्पद होते. परंतु शेवटीं तीच खरी ठरते. मध्यंतरीं त्याची थोरली बहीण, मृत्युदेवता हेला, त्याच्या हातोड्याचा एका हातानें चुरा करते; परक्या ग्रहावर तो विकला जातो; केंसहि कापले जातात. ख्रिस हेम्सवर्थ हे या मानखंडना इतक्या खुषीनें सोसतात कीं, हंसतां हंसतांच आपल्या ध्यानांत येतें : हातोडा, केंस, सिंहासन हीं सारीं गेल्यावर जो उरतो, तोच खरा थॉर.

हेला राजवाड्याच्या छतावरील मंगल चित्रें फोडते, तों त्यांखालीं पित्याच्या, म्हणजे ओडिनच्या, रक्तरंजित दिग्विजयाचीं चित्रें प्रकट होतात. विनोदानें वीराच्या ऐटीचा मुलामा खरवडला, तसा येथें राज्याच्या कीर्तीचा खरवडला जातो. म्हणूनच हा करुणगंभीर प्रसंग त्या थट्टेंत परका वाटत नाहीं.

दोष आहे तो शेवटीं. प्रजा नौकेंतून आपली नगरी भस्म होतांना पाहत असतां, पाया शाबूत असल्यास ती पुन्हा उभारतां येईल, असें कॉर्ग नांवाचा पाषाणदेही योद्धा म्हणतो, आणि तत्क्षणीं पायाहि उडतो. हंशा पिकतो खरा. पण शोकाला श्वास घेण्यास अवसर मिळत नाहीं. पुढें 'थॉर : लव्ह अँड थंडर' (२०२२) यांत हाच दोष वाढला. तेथें जेनच्या दुर्धर रोगाचें दुःख आहे, आणि शेजारींच किंचाळणाऱ्या बकऱ्यांची थट्टा पुनःपुन्हा चालू आहे. हास्याची संवय जडली, म्हणजे तेंहि गांभीर्याइतकेंच शिळें होतें. 'रॅग्नारॉक'मध्यें तें ताजें राहिलें, कारण तेथें प्रत्येक हंशाबरोबर नायकाचें कांहीं तरी खरोखरच हिरावलें जात होतें.