पडद्यावरचे पाठचे भाऊ

तानाजी मालुसऱ्यांची समाधी ज्या उमरठला आहे, ते गाव पोलादपूर तालुक्यातले. त्यामुळे महाड-पोलादपूरकडच्या मुलांना पाठच्या भावाची थोरवी निराळी सांगावी लागत नाही. १६७० साली कोंढाण्यावर थोरला पडला, मावळे मागे फिरले, आणि धाकट्या सूर्याजीने त्यांना अडवून गड सर केला. थोरल्याचे अपुरे काम धाकट्याने तडीस न्यावे, हे इकडच्या माणसाच्या अंगी मुरलेले आहे. पण थोरला लढाईत पडलेला नसून घरातच, स्वतःच्या जगात बसून राहिलेला असला, आणि काम एका रात्रीचे नसून चाळीस वर्षांचे असले, म्हणजे? स्वमग्न माणसांवरचे चित्रपट मी हा प्रश्न जवळ ठेवून पाहतो.

स्वमग्नता हा शब्द आपल्याकडे तसा नवाच. १९४३ साली डॉक्टर लिओ कॅनर यांनी अमेरिकेत अशा अकरा मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले. आपल्या खेड्यांत मात्र असा मुलगा ‘भोळा’ नाही तर ‘वेडसर’ एवढ्यावरच भागत असे. जगभरच्या सामान्य प्रेक्षकाला या अवस्थेची ओळख झाली ती पुष्कळशी ‘रेन मॅन’ (१९८८) या चित्रपटामुळे. त्यात बाप तीस लाख डॉलर ठेवून जातो ते संस्थेत राहणाऱ्या थोरल्या रेमंडसाठी. धाकट्या चार्लीच्या वाट्यास एक जुनी मोटार आणि गुलाबाची झाडे येतात. चार्ली भावाला पळवतो तो पैशासाठी, आणि वाटेत त्याला भावाचा लळा लागतो. डस्टिन हॉफमनचा रेमंड विसरता येत नाही. शेवटी तो बरा होत नाही, भावाच्या घरी राहावयासही येत नाही; संस्थेत परत जातो. एवढा प्रामाणिकपणा फार थोड्या चित्रपटांना झेपतो.

पण याच चित्रपटाने एक खोडही लावून ठेवली. रेमंडला आकड्यांची अजब देणगी आहे आणि जुगाराच्या अड्ड्यावर ती कामास येते. अशी देणगी स्वमग्न माणसांपैकी थोड्यांनाच असते. चित्रपटांत मात्र ती बहुतेक सक्तीचीच झाली. सुभाष घई यांच्या ‘युवराज’मध्ये (२००८) अनिल कपूरचा ज्ञानेश गातो. येथेही इस्टेट थोरल्याच्या नावावर आणि तिच्या वासाने जमलेले भाऊ! मृत्युपत्र नसते, तर या मंडळींनी एकमेकांना ओळख तरी दाखवली असती का, कोण जाणे. ज्याला ना गळा, ना गणित, आणि ज्याच्या वाट्याला दहा गुंठे भातजमीन, त्या भावावर कोणी माया का करावी, हे मात्र असे चित्रपट सांगत नाहीत.

‘माय नेम इज खान’चे (२०१०) मला अप्रूप आहे ते शाहरुख खानच्या रिझवानमुळे नव्हे, त्याच्या धाकट्या भावामुळे. बोरिवलीच्या त्या घरात आईचे सगळे लक्ष थोरल्याकडे. झाकीर शहाणा, धडधाकट. म्हणून त्याच्याकडे कोणी पाहतच नाही. तो अभ्यास करतो, शिष्यवृत्ती मिळवतो आणि अमेरिकेस निघून जातो. हे जाणे म्हणजे घरावर केलेली फिर्याद आहे. आईच्या मागे थोरल्याला अमेरिकेस नेतो तोही हाच. आपल्या धंद्यात त्याला कामाला लावतो. भावाच्या वागण्याला नाव आहे, हे ओळखते ती याचीच बायको. चाळीस वर्षांच्या कामाला येथे नुकता कोठे आरंभ झाला होता. पण दिग्दर्शकाला राष्ट्राध्यक्षांना भेटायला निघालेला नायक हवा आहे! झाकीर मग भावाच्या लग्नाआड येणारा आडमुठा होतो आणि पुढे सोयीनुसार मवाळ होतो. ज्याच्या मनात चित्रपटातले सर्वांत अवघड भांडण चालले होते, त्याला दिग्दर्शकाने जिमी शेरगिलच्या स्वाधीन करून चार प्रसंगांत आटोपले. त्या गुणी नटाने तेवढ्यातही पुष्कळ सांगितले, ही गोष्ट निराळी.

याच्या जोडीला आपला मराठी ‘देवराई’ (२००४) ठेवून पाहावा. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या या चित्रपटातील शेषचा आजार स्वमग्नता नव्हे, छिन्नमनस्कता. दोहोंची गल्लत करू नये. पण भावंडांपुढचा पेच तोच. अतुल कुलकर्णीचा शेष कोकणातल्या देवराईने झपाटलेला, आणि त्याचा भार येतो तो स्वतःचा संसार असलेल्या बहिणीवर, सोनाली कुलकर्णीच्या सीनावर. ती भावावर जीव टाकते आणि थकतेही; आणि थकली म्हणून चित्रपट तिला दोषी ठरवीत नाही. हिंदी चित्रपटातील भाऊ रागावतो किंवा रडतो. थकण्याची मुभा त्याला नसते.

झाकीरसारखे निघून गेलेले धाकटे शोधायला अमेरिकेस जाण्याचे कारण नाही. महाड-पोलादपूरच्या गावांतून मुंबईला गेलेला चाकरमानी गणपतीला आणि शिमग्याला घरी येतो. बहीण सासरी. ओटीवर बसलेल्या थोरल्याला जेवू घालणारी आई सत्तरीची. तिच्या मागे कोण, हे सणाच्या दिवसांत कोणी बोलून दाखवीत नाही. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने स्वमग्न माणसाला अठरा वर्षांनंतर पालक नेमून देण्याची सोय केली आहे. त्यासाठी आईबापांनी किंवा नातलगांनी जिल्ह्याच्या समितीकडे अर्ज करावयाचा असतो. असा अर्ज खिशात घालून, थोरल्याला खिडकीजवळ बसवून, एस. टी.ने अलिबागला निघालेला धाकटा भाऊ अजून कोणाच्या पडद्यावर मी पाहिलेला नाही. पोलादपूरहून निघाल्यावर सबंध प्रवासात त्या दोघांनी एकमेकांशी एक शब्दही बोलू नये. चित्रपट तेवढ्यावर सहज उभा राहील.