संमतिपत्राची भाषा आणि संशोधननीती

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने मानवी सहभागाच्या संशोधनासाठी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेली नैतिक मार्गदर्शक तत्त्वे ही १९८० च्या निवेदनापासून २००० व २००६ च्या आवृत्त्यांपर्यंत चालत आलेल्या विचाराची परिणती होय. सामाजिक व वर्तनविषयक संशोधनास त्यांत स्वतंत्र स्थान मिळाले आहे. सहभागी व्यक्तीस समजेल अशा भाषेतच माहिती द्यावी, हा आग्रहही त्यांत आहे. हे सर्व स्वागतार्ह आहे. परंतु भाषा 'समजली' हे ठरवावयाचे कोणी आणि कसे, या प्रश्नाचा विचार मात्र अपुरा राहिला आहे, असे म्हणावे लागते.

नैतिकता समितीत ७ ते १५ सदस्य असावेत, असा दंडक आहे. त्यांत वैद्यक, विधी व समाजशास्त्र यांचे जाणकार अपेक्षित आहेत. स्थानिक भाषेची जाण मात्र सामान्य नागरिक म्हणून घेतलेल्या सदस्याच्या पात्रतेत नोंदविलेली आढळते. म्हणजे भाषा ही तज्ज्ञतेची बाब न मानता सहज अंगी असणारी गोष्ट मानली गेली आहे.

याचा परिणाम अनुवादाच्या परीक्षेत दिसून येतो. मराठी मजकूर पुन्हा इंग्रजीत उतरवून मूळाशी ताडून पाहणे, ही येथील रूढ पद्धत. 'यादृच्छिक विभागणी' हा शब्दप्रयोग या कसोटीस पूर्णपणे उतरतो, कारण अनुवादकास परिभाषा अवगत असते; ऐकणाऱ्या शेतमजुरास त्यातून काहीच बोध होत नाही. उलट 'कोणाला कोणते औषध, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरेल' हे सुबोध वाक्य मूळापासून ढळलेले ठरण्याचा संभव असतो. 'चाचणी' या शब्दाने तर रक्ततपासणीचाच अर्थ मनात येऊ शकतो. आपल्यावर औषधाचा प्रयोग होणार आहे, हे ध्यानी येत नाही. शब्द जितका पारिभाषिक, तितकी ही परीक्षा निर्दोष आणि तितकीच संमती पोकळ, अशी ही विसंगती आहे.

प्रादेशिक अभ्यासकांचा सहभाग आवश्यक ठरतो तो येथेच. आरोग्यविषयक सामाजिक संशोधनाची नैतिक तत्त्वे २००० मध्ये मुंबईतील 'सेहत' या संस्थेच्या पुढाकाराने तयार झाली, हे या संदर्भात स्मरणीय आहे. नियम वरून येण्याची वाट न पाहता संशोधकांनाही ते घडविता येतात, हे त्या उपक्रमाने दाखवून दिले. मसुदा पूर्ण झाल्यावर अभिप्राय मागविणे आणि मसुद्याच्या घडणीत वाटा देणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत.

हा वाटा मागावयाचा तर भाषाविभागांनी आधी पुरावा जमविला पाहिजे. प्रचलित संमतिपत्रे श्रोत्यांना वाचून दाखवावीत, त्यांना समजलेला आशय त्यांच्याच बोलीत सांगावयास लावावा, कोणता शब्द कोठे अडला याची नोंद करावी, आणि ते निष्कर्ष नैतिकता समित्यांपुढे व परिषदेपुढे ठेवावेत. अर्थ न कळता उमटविलेला अंगठा ही संमती नव्हे. ती केवळ शाईची खूण होय.