अजब बंगला आणि त्याचा प्रेक्षक

नागपुरास सिव्हिल लाइन्समध्ये जे मध्यवर्ती संग्रहालय आहे, त्याचे हे दप्तरी नाव पूर्वी टांगेवाल्याच्या तोंडी कधी बसले नाही आणि आता रिक्षावाल्याच्याही बसत नाही. दोघांच्याही लेखी तो 'अजब बंगला'. कलकत्त्यात लोकांनी असल्याच वास्तूला जादूघर म्हटले, उत्तरेत अजायबघर म्हटले, आणि १९३६ साली मार्खम व हारग्रीव्ह्ज या दोघा पाहणीकारांनी हिंदुस्थानातील संग्रहालयांचा जो वृत्तान्त प्रसिद्ध केला त्यातही या अशिक्षित, नवलाने भारलेल्या गर्दीची दखल घेणे त्यांना भाग पडले. सुशिक्षितांना या नावाची थोडी लाज वाटते. मला ती कधी वाटली नाही. संग्रहालयशास्त्राच्या परिभाषेत ज्याला प्रेक्षक म्हणतात, त्याने या संस्थेवर लिहिलेली ही पहिली आणि आजवरची सर्वांत नेमकी समीक्षा आहे, असे माझे मत आहे.

संग्रह करण्याची हौस काही इंग्रजांबरोबर आली नाही. भोसल्यांच्या वाड्यात जामदारखाना होता, सिलेखाना होता, पीलखाना होता. परंतु तेथील वस्तू 'पाहण्यासाठी' ठेवलेल्या नव्हत्या. त्या वापरण्यासाठी, नजर करण्यासाठी, सणासुदीला अंगावर घालून मिरवण्यासाठी होत्या, आणि त्यांचे दर्शन ज्याला ज्या दिवशी घडायचे त्याला ते मानमरातबाच्या क्रमानेच घडत असे. डिसेंबर १८५३ मध्ये तिसरे रघूजी निपुत्रिक वारले, गव्हर्नर जनरल डलहौसीने राज्य खालसा केले, आणि हत्ती, घोडे व बैल वाड्यातून काढून सीताबर्डीच्या बाजारात विक्रीस उभे केले गेले. जवाहीर लिलावासाठी कलकत्त्यास रवाना झाले. नागपूरच्या जनतेला राजसंग्रह उघड्यावर पाहावयास मिळाला तो असा, हर्राशीच्या निमित्ताने. संग्रहालयाचा इतिहास लिहिणारे सहसा उद्घाटनाच्या तारखेपासून आरंभ करतात. नागपुरापुरता तो या लिलावापासून करणे प्रामाणिकपणाचे ठरेल. एप्रिल २०२५ मध्ये पहिल्या रघूजींची सोन्याच्या अक्षरांत नाव कोरलेली फिरंग तलवार लंडनच्या लिलावातून महाराष्ट्र शासनाने सुमारे ४७ लाख रुपये मोजून परत मिळवली, तेव्हा वृत्तपत्रांनी तो प्रसंग मोठ्या अभिमानाने साजरा केला. मला मात्र त्या वार्तेत लिलाव हा शब्द दुसऱ्यांदा ऐकू आला.

१८६१ साली मध्यप्रांत निर्माण झाला, १८६२ मध्ये रिचर्ड टेंपल मुख्य आयुक्ताच्या गादीवर बसले, आणि १८६३ मध्ये संग्रहालय उघडले. हा सारा क्रम एका श्वासात सांगण्याजोगा आहे, कारण त्याच दशकात या प्रांताची जमाबंदी चालू होती, मालगुजारांना मालकी हक्क दिले जात होते, आणि शेत, झाड, जात, जंगल यांपैकी जे जे मोजता येईल ते ते मोजून कागदावर उतरवले जात होते. संग्रहालय हा त्याच बंदोबस्ताचा एक विभाग होता. फरक इतकाच, की येथे खसऱ्याच्या जागी काचेची पेटी होती. डिसेंबर १८६५ मध्ये टेंपलनी नागपुरास कला, उद्योग व कृषिमालाचे मोठे प्रदर्शन भरवले त्यातही हेच मन दिसते. प्रजेने आपलाच माल सरकारच्या मांडणीत पाहावा आणि त्यातून काही शिकावे, असा तो मनसुबा होता.

परंतु या व्यवहारी माणसाच्या शेजारी एक वेगळा माणूस उभा होता. स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटिश मिशनरी १८४५ च्या सुमारास नागपुरास आला, आणि धर्मोपदेशाच्या जोडीने येथील दगड, जीवाश्म, गोंडांच्या कथा आणि शिळावर्तुळे यांच्या नादी लागला. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची शिळावर्तुळे पाहून बोरीकडे परतताना, पावसाने फुगलेल्या ओढ्यात तो बुडाला. त्याची गोंडांविषयीची टिपणे टेंपलनीच १८६६ मध्ये संपादून छापली. संग्रहालय उघडले ते वर्ष आणि हिस्लॉपच्या मृत्यूचे वर्ष एकच. त्याने जमवलेले जीवाश्म मात्र विलायतेस गेले, जुनापाणीच्या शिळावर्तुळांतून रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्याने उकरलेल्या लोखंडी वस्तूंपैकी बऱ्याच ब्रिटिश म्युझियमात पोचल्या, आणि नागपुरास राहिले ते उरलेले.

या उरलेल्यांतील एका वस्तुसमूहापाशी मी नेहमी रेंगाळतो. १८७० साली बालाघाट जिल्ह्यातील गुंगेरिया गावी गुरे राखणाऱ्या दोन पोरांना जमिनीतून तांब्याचा एक तुकडा डोकावताना दिसला. त्यांनी उकरले, आणि पुढे खणताना ४२४ तांब्याची हत्यारे व रुप्याचे १०२ पातळ पत्रे निघाले. तांबे वजनाला ८२९ पौंड भरले. रुप्याच्या पत्र्यांत काही नुसत्या गोल चकत्या, तर काही शिंगे असलेल्या बैलाच्या मुखासारख्या. पंचनामा झाला, साहेब आला, मोजदाद झाली, वाटणी झाली. काही लंडनला गेले, काही नागपूरच्या वाट्याला आले. ताम्रपाषाणयुगाच्या ग्रंथांत या निधीचे स्थान पक्के आहे, आणि त्या सपाट जड कुऱ्हाडी पाहताना, त्या वापरण्यासाठी होत्या की केवळ पुरून ठेवण्यासाठी, हा प्रश्न कोणाही विचारी माणसास पडेल. पण ती दोन पोरे? या निधीचे आद्य प्रेक्षक तेच. अजब या शब्दाचा अर्थ त्यांच्याइतका दुसऱ्या कोणाला कळला असेल असे मला वाटत नाही, आणि इतिहासाने त्यांची नावेसुद्धा टिपून ठेवली नाहीत.

पुढे १८७८ चा गुप्तधनाचा कायदा आला, आणि दहा रुपयांहून अधिक किमतीचे जे काही भूमीतून निघेल त्याची वर्दी कलेक्टरास देणे लोकांवर बंधनकारक झाले. या तरतुदीमुळे कित्येक नाणी सोनाराच्या मुशीतून वाचली हे मान्य केलेच पाहिजे. १९३९ साली तऱ्हाळ्याला सापडलेला सातवाहन नाण्यांचा साठा विद्वानांच्या हाती आला आणि त्यावरून महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी काही सातवाहन राजांची नावे प्रथमच उजेडात आणली. रायबहादूर हिरालाल यांची मध्यप्रांत व वऱ्हाडातील कोरीव लेखांची यादी १९१६ ची. या दोघांच्या हाती ताम्रपट बोलू लागले. तथापि याच काळात प्रेक्षकांचे दोन तट पडले, हे नमूद केल्यावाचून राहवत नाही: एक ताम्रपट वाचणारा, दुसरा पेंढा भरलेल्या वाघापुढे पोराला खांद्यावर घेऊन उभा राहणारा. पहिल्यासाठी शोधनिबंध लिहिले गेले. दुसऱ्यासाठी, आपल्याकडील बहुतेक संग्रहालयांत, नाव, स्थळ आणि शतक सांगणारी एक चिठ्ठी.

औंधास पंतप्रतिनिधींनी आणि पुण्यास दिनकर केळकरांनी जे संग्रह उभारले त्यांत एका माणसाची आवड, त्याचा हट्ट, त्याची निवड दिसते. अडकित्त्यांची आणि दिव्यांची ती रांग पाहताना केळकर आपल्याशी बोलत आहेत असा भास होतो. अजब बंगल्यामागे तसा एक माणूस नाही, एक प्रांत आहे, आणि तो प्रांतच आता राहिलेला नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ मुंबई राज्यात गेला, नागपूरची राजधानी गेली, बालाघाट, जबलपूर, रायपूर, बस्तर हे परराज्य झाले. संग्रहालय मात्र जागचे हलले नाही. विसर्जित राज्याचे दफ्तर जसे नव्या कचेरीत कोणाच्याच कामाचे नसते, तशी त्यातील वस्तूंची अवस्था झाली. महाराष्ट्राच्या इतिहासात गुंगेरियाला जागा नाही आणि मध्य प्रदेशाच्या शाळकरी मुलांना नागपूरची सहल नाही. या संग्रहाच्या दुरवस्थेची चर्चा करणारे इमारतीविषयी व अनुदानाविषयी बोलतात. माझी तक्रार निराळी आहे: हा नाहीशा झालेल्या प्रांताचा नकाशा आहे, ही गोष्ट दालनांच्या मांडणीचा पायाच व्हावयास हवी होती.

नागपुरापासून जवळच चिचोली येथे वामनराव गोडबोले यांनी उभारलेल्या शांतिवनात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या वापरातील वस्तू जतन केल्या आहेत. कोट आहे, टंकलेखनयंत्र आहे. तेथे येणाऱ्याला चिठ्ठी वाचावी लागत नाही. यंत्र कोणाचे हे तो घरूनच जाणून आलेला असतो, आणि काचेपुढे तो हात जोडतो. कोणी म्हणेल, हे देवघर झाले, संग्रहालय नव्हे. असेलही. परंतु वस्तू आणि पाहणारा यांच्यामध्ये येथे जे नाते आहे ते सरकारी काचेआड अद्याप उगवलेले नाही, आणि ते उगवण्याजोगी माणसे नागपुरास रोज येत आहेत. मेडिकल रुग्णालयाच्या आवारात बालाघाटहून आलेले रोग्यांचे आप्त दिवसच्या दिवस झाडाखाली काढतात. त्यांतला एखादा दुपारचा वेळ घालवायला अजब बंगल्यात शिरला आणि त्या तांब्याच्या कुऱ्हाडीपुढे उभा राहिला, तर ही तुझ्या गावाकडची, तुझ्यासारख्याच गुराख्यांना सापडलेली, हे त्याला त्याच्या बोलीत सांगणारे तेथे कोणी असावे.