साभार परत : नकाराचे वाचन

हस्तलिखित 'साभार परत' येणे ही घटना सामान्यतः लेखकाच्या चरित्रात जमा केली जाते. समीक्षा तिची दखल घेत नाही. वस्तुतः प्रकाशकीय नकार हेही एक मूल्यनिर्णयात्मक वाचनच असते. जुझेप्पे तोमासी दि लांपेदुसा यांची 'इल गात्तोपार्दो' (इंग्रजी अनुवादात 'द लेपर्ड') ही कादंबरी मोंदादोरी व एइनाउदी या इटालियन प्रकाशनसंस्थांनी नाकारली. एइनाउदीच्या वतीने नकार कळविणारे एलिओ विट्टोरिनी स्वतः महत्त्वाचे कादंबरीकार होते. युद्धोत्तर काळाने घडविलेल्या त्यांच्या अपेक्षाक्षितिजात सिसिलीतील सरंजामी घराण्याच्या ऱ्हासाची ही संथ, चिंतनशील कथा सामावणे कठीण होते. त्या नकारातून संहितेपेक्षा वाचकाची साहित्यदृष्टीच अधिक प्रकट झाली.

जुलै १९५७ मध्ये लांपेदुसा निवर्तले. कादंबरी प्रकाशित व्हावी, मात्र वारसांच्या खर्चाने नव्हे, अशी त्यांची अंतिम इच्छा होती. नकारांनंतर प्रूस्त यांनी १९१३ मध्ये आपल्या महाकादंबरीचा पहिला खंड स्वखर्चाने काढला होता; लांपेदुसांना मात्र परक्या वाचकाची मान्यता अपरिहार्य वाटली असे दिसते. ती जॉर्जो बास्सानी यांनी दिली. १९५८ मध्ये फेल्त्रिनेल्लीने कादंबरी प्रसिद्ध केली. १९५९ मध्ये तिला स्ट्रेगा पुरस्कार लाभला.

यावरून प्रत्येक नाकारलेली संहिता श्रेष्ठ ठरत नाही. नकारातून संहितेची उणीव दिसते की वाचकाच्या अभिरुचीची मर्यादा, हा नवलेखकापुढील खरा प्रश्न आहे. हा विवेक साधणे म्हणजेच नकारावर मात करणे होय. उत्तरकालीन कीर्तीवर त्यासाठी विसंबता येत नाही. लांपेदुसांना ती पाहताही आली नाही.