एक कवक, दोन नावे : पाइनवरील तांबेऱ्याच्या संज्ञांची चिकित्सा

संज्ञा ही वस्तूची खूण असते, वस्तूचे ज्ञान नव्हे. हा भाषाशास्त्रातील प्राथमिक सिद्धान्त होय. तथापि शास्त्रीय व्यवहारातही संज्ञेलाच ज्ञान मानण्याचा मोह पडतो. पाचपाच सुयांचे झुबके धारण करणाऱ्या पाइन वृक्षांवरील तांबेऱ्याच्या नामकरणाचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे.

करंट व गूजबेरी ही झुडपे ज्या रिबीस वंशात मोडतात, त्यांच्या पानांवरील कवकास फिशर यांनी १८७२ मध्ये ‘क्रोनार्शियम रिबिकोला’ असे नाव दिले. ‘रिबिकोला’ म्हणजे रिबीसवर वास करणारे. पाइनच्या सालीवर उठणारे फोड मात्र ‘पेरिडर्मियम स्ट्रोबी’ या निराळ्या नावाने वर्णिले गेले. ही दोन्ही एकाच कवकाची रूपे आहेत, हे क्लेबान यांनी १८८८ मध्ये प्रयोगाने सिद्ध केले.

नामभेदामुळे वस्तुभेद भासला, याचा सर्व दोष नाव देणाऱ्यांवर टाकणे न्याय्य नव्हे. वसंतात सालीवरील फोड फुटून उधळणारे नारिंगी बीजाणू पाइनला बाधत नाहीत; ते रिबीसच्या पानांवरच रुजतात. पुढे त्या पानांवर तयार होणारे नाजूक बीजाणू पाइनच्या सुयांत शिरतात, आणि काही वर्षांनी सालीवर पुन्हा फोड येतात. खोडाला रोगाचा वेढा पडला की त्यावरील भाग वाळतो.

युरोपातील रोपवाटिकांत वाढविलेल्या रोपांबरोबर हा रोग विसाव्या शतकाच्या आरंभी उत्तर अमेरिकेत पोहोचला. तेथे रिबीसच्या निर्मूलनाची प्रचंड मोहीम चालली. तिचा आधार शास्त्रीय होता व पूर्वेकडील काही भागांत तिचा उपयोगही झाला. पश्चिमेकडील डोंगराळ मुलुखात मात्र ती अपुरी ठरली. रिबीसवरील संघराज्याची बंदी १९६६ मध्ये उठली. उत्तर अमेरिकेतील पेडिक्युलॅरिस व कॅस्टिलेजा या वनस्पतींनाही हे कवक निसर्गतः बाधते, असे २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखविले. ‘रिबिकोला’ हे नाव खोटे ठरले नाही. ते अपुरे असल्याचे दिसून आले.

या रोगाच्या इंग्रजी नावाचे ‘पांढऱ्या पाइनचा फोडी तांबेरा’ असे शब्दशः भाषांतर करणे हाही त्याच मोहाचा प्रकार होय. येथील ‘पांढरा’ हे रंगाचे विशेषण नसून वृक्षगटाच्या रूढ नावाचा अंश आहे. मराठी वाचकास त्यातून सालीच्या रंगापलीकडे काहीच बोध होणार नाही. ‘तांबेरा’ हा शब्द मात्र गव्हाच्या पिकामुळे मराठीत पूर्वापार रुळलेला असून येथेही यथार्थ आहे. म्हणून ‘पंचसूची पाइनवरील तांबेरा’ ही संज्ञा अधिक ग्राह्य वाटते. तीतही दुसऱ्या आश्रयवनस्पतीचा निर्देश नाही, ही उणीव आहेच. ती संज्ञा लांबवून भरून निघणार नाही. परिभाषाकोशात संज्ञेपुढे व्याख्या देणे हाच तिच्यावरील उपाय होय. व्याख्येविना संज्ञा छापणारा कोश वाचकाला शब्द देतो, अर्थ देत नाही.