स्कॉटी शेफलरचा स्विंग : रूप, परिणाम आणि भवितव्य – एक चिकित्सक मूल्यमापन

प्रस्तावना :
गोल्फमध्ये ‘स्विंग’ म्हणजे क्लब मागे नेणे, खाली आणून चेंडूवर आघात करणे व तो पुढे पूर्ण फिरवणे ही अखंड शारीरिक क्रिया होय. एखाद्या व्यावसायिक खेळाडूचे भवितव्य वर्तविताना समीक्षकांची दृष्टी प्रथम या क्रियेकडे वळते. बेन होगन यांच्या १९५७ सालच्या ‘फाइव्ह लेसन्स’ या पुस्तकाने पकड, उभे राहण्याची ढब आणि शरीराचे वळण यांची जी शिस्त सांगितली, तिच्या प्रभावातून ‘आदर्श स्विंग’ ही कल्पना दृढ होत गेली. अमेरिकेच्या स्कॉटी शेफलरने (जन्म १९९६) या कल्पनेपुढेच प्रश्नचिन्ह उभे केले आहे. त्याच्या स्विंगची चिकित्सा करणे आणि त्याचे यश कितपत टिकाऊ ठरेल याचा विचार करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. विवेचनासाठी २०२५ अखेरपर्यंतची कामगिरी आधारभूत मानली आहे.

स्विंगचे स्वरूप व आक्षेप :
उंचापुरा शेफलर जेव्हा पूर्ण ताकदीने फटका मारतो, तेव्हा त्याचे उजवे पाऊल जागेवर न राहता मागच्या बाजूने डाव्या टाचेकडे घसरत जाते. डावे पाऊलही वळून बाहेरच्या कडेवर कलते. फटका संपताना तो तोल जाता जाता सावरला असावा, असा भास पाहणाऱ्यास होतो. यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला, पायाच स्थिर नसेल तर अचूकता कशी राहणार? दुसरा, ही हालचाल अतिसूक्ष्म टायमिंगवर अवलंबून असल्याने दडपणाखाली किंवा वाढत्या वयात ती ढासळेल.

पहिल्या आक्षेपाचे उत्तर आघाताच्या क्षणात आहे. क्लब आणि चेंडू यांचा स्पर्श सेकंदाच्या सुमारे दोन हजाराव्या भागाइतकाच टिकतो. तेवढ्या अवधीतील क्लबचा वेग, त्याची दिशा, क्लबच्या मुखाचा कोन आणि चेंडू मुखावर नेमका कोठे लागला, यांवर चेंडूचे उड्डाण ठरते. पावले कशी दिसली याची नोंद चेंडू घेत नाही. शिवाय शेफलरच्या क्रियेचा आरंभ विलक्षण परंपरानिष्ठ आहे. हातांची जागा निश्चित करणारी, साच्यात घडवलेली मूठ बसवलेला क्लब तो सरावात नियमाने वापरतो. पकड व रोख यांची तपासणी हा त्याच्या तयारीचा कायमचा भाग आहे. बालपणापासूनचे त्याचे प्रशिक्षक रँडी स्मिथ यांनी ही मूलतत्त्वे पक्की करून घेतली. पावलांची नैसर्गिक लय मात्र मोडली नाही. म्हणजेच शिस्त आरंभी आहे आणि अनियमितता शेवटी आहे. प्रेक्षकाची नजर शेवटावर खिळते, हीच रूपनिष्ठ समीक्षेची अडचण होय.

आकडेवारीची साक्ष :
कोलंबिया विद्यापीठातील मार्क ब्रॉडी यांनी विकसित केलेल्या ‘स्ट्रोक्स गेन्ड’ या पद्धतीत प्रत्येक फटक्याची तुलना त्याच अंतरावरून, तशाच स्थितीतून अपेक्षित असलेल्या सरासरी फटक्यांशी केली जाते. २०२२-२३ च्या मोसमात टी ते ग्रीन या टप्प्यात शेफलर पीजीए टूरवर पहिला होता. पटिंगमध्ये तो १६२वा होता. दोष शोधायचाच तर तो पावलांत नव्हता, ग्रीनवर होता. २०२३ च्या उत्तरार्धात त्याने पटिंगचे प्रशिक्षक फिल केन्यन यांचे साहाय्य घेतले आणि मार्च २०२४ मध्ये रुंद माथ्याचा मॅलेट पटर स्वीकारला. त्यानंतर त्या वर्षी त्याने पीजीए टूरवरील सात स्पर्धा आणि पॅरिस ऑलिम्पिकचे सुवर्णपदक जिंकले. या काळात पावलांचे घसरणे पूर्वीप्रमाणेच चालू होते.

तौलनिक विचार :
दुसरा आक्षेप टिकाऊपणाचा आहे, आणि तो अधिक गंभीर आहे. येथे जिम फ्युरिकचे उदाहरण उपयुक्त ठरते. क्लब वर मोठा फेरा घेऊन खाली येणाऱ्या त्याच्या स्विंगची अनेकांनी थट्टा केली. त्याच स्विंगने त्याने २००३ ची यू.एस. ओपन जिंकली आणि २०१६ मध्ये, वयाच्या ४६ व्या वर्षी, एका फेरीत ५८ फटक्यांचा विक्रम केला. याउलट १९९१ चा ब्रिटिश ओपन विजेता इयन बेकर-फिंच अधिक लांब फटक्यांच्या शोधात स्विंग बदलत गेला आणि १९९७ च्या ब्रिटिश ओपनमध्ये ९२ फटक्यांच्या फेरीनंतर त्याने माघार घेतली. स्वतःची क्रिया न सोडणारा टिकला. सुधारणेच्या मागे लागलेला हरवला. फ्युरिक लांब फटक्यांचा खेळाडू नव्हता, त्यामुळे या तुलनेला मर्यादा आहे. वेगाचा ताण शेफलरच्या शरीरावर अधिक पडतो. तथापि, घट्ट रोवलेल्या पायावर वेगाने वळणाऱ्या शरीराचा भार गुडघ्यावर येतो, हे लक्षात घेता पाऊल मोकळे सोडणे ही त्या ताणातून वाट काढण्याची क्रिया असू शकते, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

भवितव्य :
२०२२ व २०२४ ची मास्टर्स, २०२५ ची पीजीए चॅम्पियनशिप आणि त्याच वर्षीची ब्रिटिश ओपन अशी चार मेजर विजेतेपदे २०२५ अखेर शेफलरच्या नावे होती. चारही मेजर स्पर्धांचे वर्तुळ पूर्ण करण्यास केवळ यू.एस. ओपन उरली होती. तोवर अवघ्या सहा पुरुष खेळाडूंना हे साधले होते. अरुंद फेअरवे आणि दाट गवत यांमुळे ही स्पर्धा टी ते ग्रीन खेळाची कसोटी पाहते. म्हणजे शेफलरच्या बलस्थानाचीच.

धोका असलाच तर तो अन्यत्र आहे. डिसेंबर २०२४ मध्ये काच लागून त्याच्या उजव्या तळहाताला इजा झाली, शस्त्रक्रिया करावी लागली आणि पुढील विजयासाठी त्याला मे २०२५ पर्यंत थांबावे लागले. दुसरा धोका मनाचा आहे. जुलै २०२५ मध्ये ब्रिटिश ओपनपूर्वी विजयाचा आनंद फार काळ टिकत नाही आणि आयुष्याची खोल तृप्ती त्यातून मिळत नाही, असे त्याने मोकळेपणाने सांगितले. त्याच आठवड्यात तो चार फटक्यांनी जिंकला. ही अनासक्ती सध्या त्याचे बळ ठरली आहे. पुढे तीच निवृत्तीचे कारण ठरणार नाही, असे सांगता येत नाही.

निष्कर्ष :
१) शेफलरच्या पावलांची हालचाल हा दोष आहे, याला आघाताच्या दर्जात किंवा कामगिरीत आधार सापडत नाही.
२) त्याच्या यशातील चढउतार प्रामुख्याने पटिंग व हाताची इजा यांच्याशी निगडित दिसतात.
३) शरीर साथ देत राहिले, तर त्याच्या यशाची मर्यादा स्विंगपेक्षा इच्छाशक्तीच ठरवील.
४) शारीरिक शिक्षणाच्या प्रात्यक्षिक परीक्षेत आदर्श रूपाशी साम्य पाहून गुण देताना, मूलतत्त्वे, परिणाम आणि सातत्य हे निकष स्वतंत्रपणे तपासणे आवश्यक आहे. अन्यथा एखाद्या विद्यार्थ्याचे सामर्थ्यच आपण दोष म्हणून दुरुस्त करून टाकू.